अ‍ॅड्रेनालिन आणि त्याच्याशी नातं असलेली औषधं: कोल्हापूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न ओपीडीत, मेडिकलच्या काउंटरवर, तालमीच्या कट्ट्यावर आणि गावोगावच्या आरोग्य शिबिरांत विचारले गेलेले आहेत. मी फिजिशियन आहे. या एका द्रव्याबद्दल सविस्तर लिहायचं ठरवलं, कारण आपल्या भागात त्याच्या बाबतीत नेमकं उलटं घडताना दिसतं. मधमाश्या चावून माणूस गुदमरत असतो तेव्हा अ‍ॅड्रेनालिन द्यायला हात कचरतो, आणि धडधाकट पोरगं मात्र त्याच्याच जातीचं इंजेक्शन चोरून शिरेत घेतं. इथली उत्तरं समज वाढावी म्हणून आहेत. ती वाचून स्वतःची गोळी परस्पर चालू किंवा बंद करू नका.

अ‍ॅड्रेनालिन म्हणजे काय आणि ते अंगात कुठं तयार होतं?

दोन्ही मूत्रपिंडांच्या डोक्यावर एकेक छोटी ग्रंथी असते. वजन जेमतेम चार-पाच ग्रॅम. तिला अधिवृक्क ग्रंथी म्हणतात. तिच्या बाहेरच्या थरात कॉर्टिसोलसारखी स्टेरॉइडं बनतात आणि आतल्या गाभ्यात अ‍ॅड्रेनालिन. कच्चा माल म्हणजे टायरोसिन, आपल्या जेवणातल्या प्रथिनांमधून मिळणारं एक अमिनो आम्ल. त्यापासून आधी डोपामिन, मग नॉरअ‍ॅड्रेनालिन आणि शेवटी अ‍ॅड्रेनालिन तयार होतं. शेवटच्या पायरीला बाहेरच्या थरातलं कॉर्टिसोल लागतं, म्हणून हे दोन थर एकमेकांना चिकटून आहेत.

मेंदूकडून येणारी नस थेट या गाभ्यापर्यंत पोचते. त्यामुळे हुकूम सुटला की काही सेकंदांत अ‍ॅड्रेनालिन रक्तात उतरतं, आणि दोन-तीन मिनिटांत त्यातलं निम्मं मोडूनही जातं.

घाबरल्यावर अंगात जे काही होतं, ते सगळं यानंच होतं का?

बरंचसं. रात्री गगनबावड्याच्या घाटात वळणावर अचानक गवा समोर उभा राहिला, तर काय होतं ते आठवा. हृदय जोरात आणि भराभर धडधडतं, श्वासनलिका रुंदावतात, बाहुल्या मोठ्या होतात, यकृतात साठवलेली साखर रक्तात येते, कातडीचं आणि आतड्यांचं रक्त कमी होऊन हातापायांच्या स्नायूंकडे वळतं. चेहरा पांढराफटक पडतो, पोटात गोळा येतो, अंगावर काटा उभा राहतो. या सगळ्याला ‘लढा किंवा पळा’ असं नाव १९१५ च्या सुमारास अमेरिकन शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी दिलं.

यात दोन भागीदार असतात. ग्रंथीतून येणारं अ‍ॅड्रेनालिन आणि नसांच्या टोकांतून झिरपणारं नॉरअ‍ॅड्रेनालिन. रक्तवाहिन्या आवळण्याचं काम मुख्यतः दुसऱ्याचं. म्हणूनच जंतुसंसर्गानं रक्तदाब कोसळलेल्या रुग्णाला आयसीयूत आधी नॉरअ‍ॅड्रेनालिनचं ड्रिप लावतात.

एकच द्रव्य हृदयाला पळवतं आणि दम्याच्या माणसाचा श्वास मोकळा करतं, हे कसं?

हा प्रश्न नीट कळला की पुढची सगळी औषधं कळतात, म्हणून इथं थोडं थांबू.

अ‍ॅड्रेनालिन पेशीच्या आत शिरत नाही. पेशीच्या पृष्ठभागावर ते पकडणारी प्रथिनं असतात, त्यांना रिसेप्टर म्हणतात. १९४८ मध्ये रेमंड आल्क्विस्ट यांनी दाखवलं की हे रिसेप्टर दोन जातींचे आहेत, अल्फा आणि बीटा. पुढं त्यांच्या पोटजाती सापडल्या. अल्फा-१ रक्तवाहिन्यांवर असतो, तो चेतवला की वाहिनी आवळते आणि रक्तदाब चढतो. बीटा-१ मुख्यतः हृदयावर, तो ठोके वाढवतो. बीटा-२ श्वासनलिकांवर आणि स्नायूंच्या रक्तवाहिन्यांवर, तो त्यांना सैल करतो. अ‍ॅड्रेनालिन या सगळ्यांना एकाच वेळी चेतवतं. औषधं मात्र आपल्याला हवा तो एकच रिसेप्टर निवडून बनवता येतात. कुणी बीटा-२ तेवढा चेतवतं (दम्याचा पंप), कुणी बीटा-१ अडवतं (ठोके कमी करणारी गोळी), कुणी अल्फा-१ अडवतं (प्रोस्टेटची गोळी, आणि विंचवावरची गोळीही).

हृदयाचं अ‍ॅड्रेनालिनपासून रक्षण करणारी गोळी बनवता येईल, ही कल्पना ब्रिटनच्या जेम्स ब्लॅक यांची. त्यातून १९६० च्या दशकात प्रोप्रॅनोलॉल आलं आणि १९८८ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. बीटा-२ रिसेप्टर प्रत्यक्षात दिसतो कसा आणि काम कसं करतो, हे उलगडणाऱ्या लेफ्कोविट्झ आणि कोबिल्का यांना २०१२ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

याचा शोध कुणी लावला?

ग्रंथीचा अर्क टोचला की रक्तदाब झपाट्यानं चढतो, हे १८९४-९५ मध्ये इंग्लंडात ऑलिव्हर आणि शेफर यांनी दाखवलं. त्या अर्कातून शुद्ध स्फटिक वेगळे केल्याचं १९०१ मध्ये जाहीर केलं ते अमेरिकेत काम करणाऱ्या जोकिची ताकामिने या जपानी रसायनतज्ज्ञांनी. १९०४ मध्ये जर्मनीत फ्रीडरिश श्टोल्झ यांनी ते प्रयोगशाळेत बनवलं. त्यामुळे पुढं ते जनावरांच्या ग्रंथींतून काढायची गरज उरली नाही.

तांबडा रस्सा ओरपला की घाम फुटतो, डोक्याला झिणझिण्या येतात. तेही अ‍ॅड्रेनालिनच का?

मुख्यतः नाही. मिरचीतलं कॅप्सेसिन तोंडातल्या उष्णता ओळखणाऱ्या नसांना चेतवतं, मेंदूला वाटतं अंग तापलं, आणि तो घाम सोडतो. गंमत अशी की घामाच्या ग्रंथींना हुकूम देणाऱ्या नसा याच ‘लढा किंवा पळा’ यंत्रणेच्या असल्या, तरी त्या अ‍ॅसिटिलकोलिन हे वेगळंच द्रव्य वापरतात. ही गोष्ट लक्षात ठेवा, मधुमेहाच्या प्रश्नात ती पुन्हा लागणार आहे.

पन्हाळ्यावर फिरताना आग्या मोहोळ उठलं. एकाला चावल्यावर अंगभर गांधी उठल्या, घसा आवळला. काय करायचं?

या पानावरचा हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे.

चावलेल्या जागी सूज आणि आग होणं वेगळं. अंगभर गांधी उठणं, ओठ-जीभ सुजणं, आवाज घोगरा होणं, दम लागणं, छातीत शिट्टी वाजणं, उलट्या होणं, डोळ्यांपुढं अंधारी येणं, यातलं काही मिनिटांत सुरू झालं आणि वाढत गेलं, तर तो अ‍ॅनाफिलेक्सिस असतो. शरीरातल्या अ‍ॅलर्जीच्या पेशी एकाच वेळी हिस्टामिन आणि इतर द्रव्यं ओततात. रक्तवाहिन्या सैल पडतात, त्यांतून पाणी बाहेर झिरपतं, रक्तदाब कोसळतो, श्वासनलिका आवळतात. आता वरचं रिसेप्टरांचं उत्तर आठवा. अल्फा-१ वाहिन्या आवळून रक्तदाब उचलतो आणि घशाची सूज उतरवतो, बीटा-१ हृदयाला जोर देतो, बीटा-२ श्वास मोकळा करतो आणि अ‍ॅलर्जीच्या पेशींची ओतणीही थांबवतो. ही सगळी कामं एकदम करणारं अ‍ॅड्रेनालिनशिवाय दुसरं औषध नाही.

ते मांडीच्या बाहेरच्या बाजूला, मध्यावर, स्नायूत देतात. मोठ्या माणसाला अर्धा मिलिग्रॅम, मुलांना वजनाच्या हिशेबानं प्रत्येक किलोला ०.०१ मिलिग्रॅम. फरक पडला नाही तर पाच मिनिटांनी पुन्हा देता येतं. दंडापेक्षा मांडीतून ते लवकर रक्तात पोचतं. सरळ शिरेत द्यायचं काम मॉनिटर लावून, अनुभवी हातांनीच करायचं.

तोवर सोबतच्यांनी काय करायचं? माशांपासून लांब न्या, १०८ ला फोन लावा, माणसाला आडवं झोपवा आणि पाय उंचावर ठेवा. दम लागत असेल तर बसू द्या, पण उभं करू नका, चालवत गाडीपर्यंत नेऊ नका. रक्तदाब कोसळलेला माणूस अचानक उभा राहिला की हृदयाकडे परत येणारं रक्तच कमी पडतं, आणि तेवढ्यानं जीव जाऊ शकतो. गडावरून खाली आणताना नेमकी हीच चूक होते. जवळ जे प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा दवाखाना असेल तिथं आधी मांडीत इंजेक्शन द्या म्हणावं, मग कोल्हापूरच्या सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे) रुग्णालयात किंवा दुसऱ्या मोठ्या रुग्णालयात हलवा.

पण डॉक्टरांनी अ‍ॅलर्जीचं इंजेक्शन आणि स्टेरॉइड लगेच दिलं होतं की. तेवढं पुरत नाही का?

नाही, आणि हे मी जोर देऊन सांगतो. अ‍ॅलर्जीचं नेहमीचं इंजेक्शन खाज आणि गांधी कमी करतं. ते बंद होणारा घसा उघडत नाही, कोसळलेला रक्तदाब उचलत नाही. स्टेरॉइडचा परिणाम दिसायला काही तास लागतात. ही दोन्ही मागाहून द्यायला हरकत नाही. आधी द्यायचं ते अ‍ॅड्रेनालिन. ‘हृदयाला काही झालं तर?’ ही भीती समजू शकते, पण योग्य डोस मांडीच्या स्नायूत दिला तर धडधड, थरथर, डोकेदुखी होते आणि ओसरते. खऱ्या अ‍ॅनाफिलेक्सिसमध्ये वय झालंय किंवा हृदयविकार आहे म्हणूनही ते रोखून धरायचं नसतं. उशिराची किंमत त्यापेक्षा कितीतरी मोठी असते.

बरं वाटल्यावर लगेच घरी पळू नका. काही जणांना काही तासांनी तोच त्रास उलटतो, म्हणून निदान काही तास दवाखान्यात थांबवून ठेवतात.

इंजेक्शन घेताच चक्कर येऊन पडलो. म्हणजे मला रिअ‍ॅक्शन आली का?

बहुतेक वेळा नाही. सुई किंवा रक्त पाहून पडणारा माणूस अ‍ॅड्रेनालिनच्या विरुद्ध बाजूच्या नसेमुळे पडतो. त्याची नाडी मंद असते, अंग गार आणि फिकट, गांधी नाहीत, दम नाही, आणि आडवं केलं की दोन-चार मिनिटांत भान येतं. अ‍ॅनाफिलेक्सिसमध्ये नाडी सहसा वेगानं पळते आणि कातडी किंवा श्वास काहीतरी बोलत असतो. पण हा फरक डॉक्टरांकडून करून घ्या आणि कागदावर लिहून घ्या. नाहीतर आयुष्यभर ‘मला पेनिसिलिन चालत नाही’ असं सांगत फिराल आणि साध्या आजारालाही महागडं औषध लागेल.

रानात सरपण काढताना इंगळी चावली तर भ्यायचं, का लाल विंचवाला? आणि त्याचा अ‍ॅड्रेनालिनशी काय संबंध?

काळीशार मोठी इंगळी दिसायला भयंकर, पण जीवावर उठतो तो लहानसा लाल विंचू. सह्याद्रीच्या दोन्ही अंगांना, दगडाच्या बांधात, कौलांत, शेणींच्या ढिगात, सरपणात तो असतो. त्याचं विष नसांच्या टोकांना असं चेतवतं की साठवलेलं सगळं अ‍ॅड्रेनालिन-नॉरअ‍ॅड्रेनालिन एकदम रक्तात लोटलं जातं. चोरानं तिजोरी फोडावी तसं नव्हे, मालकाच्याच हातानं सगळी रिकामी करून घ्यावी तसं. परिणाम: अंग घामानं भिजतं, हातपाय बर्फासारखे गार पडतात, उलट्या होतात, रक्तदाब चढतो, लहान मुलग्यांत लिंग ताठ होऊन राहतं. मग थकलेलं हृदय हात टेकतं, फुप्फुसात पाणी भरतं, तोंडाला फेस येतो.

यावरचा तोडगा आपल्याच मातीत सापडला, आणि त्याचा मला फार अभिमान वाटतो. रायगड जिल्ह्यात, बिरवाडी आणि महाड इथं काम करणाऱ्या डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी विंचूदंशाचे रुग्ण रात्र-रात्र बसून तपासले, प्रत्येक टप्पा टिपला, आणि ओळखलं की हा अल्फा रिसेप्टरांचा मार आहे. मग रक्तदाबावरची प्राझोसिन ही साधी, स्वस्त, अल्फा-१ अडवणारी गोळी त्यांनी वापरली. त्याआधी गंभीर दंशाच्या रुग्णांपैकी ३० टक्क्यांच्या आसपास दगावत. प्राझोसिननंतर ते प्रमाण एक-दोन टक्क्यांवर आलं. हे काम १९८० च्या दशकात लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. २०११ मध्ये त्यांनीच दाखवलं की प्राझोसिनच्या जोडीला विंचवाच्या विषावरची प्रतिलस दिली तर रुग्ण आणखी लवकर सावरतो. ही प्रतिलस मुंबईच्या हाफकिनमध्ये तयार होते. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

घरच्यांसाठी एवढंच: नुसत्या वेदना असतील आणि अंग कोमट असेल तर धोका सहसा कमी. घाम, गार हातपाय, उलटी यातलं काही दिसलं, विशेषतः लहान मुलाला, तर मंत्र-उतारा, चिंच-मीठ यात एक मिनिटही घालवू नका. आणि डॉक्टरांना ‘विंचू चावलाय’ हे पहिल्या वाक्यात सांगा. ही अवस्था अ‍ॅनाफिलेक्सिसच्या अगदी उलट आहे. तिथं अ‍ॅड्रेनालिन कमी पडतं, इथं ते उतू चाललेलं असतं.

पुराच्या दिवसांत साप चावलेल्यांना प्रतिविष देताना शेजारी अ‍ॅड्रेनालिन भरून ठेवलेलं पाहिलं. ते कशाला?

२०१९ आणि २०२१ च्या महापुरांत शिरोळ-करवीरच्या लोकांनी साप घरापर्यंत आलेले पाहिलेत. सापाचं प्रतिविष घोड्याच्या रक्तापासून बनतं, म्हणून काहींना ते देताना तीव्र अ‍ॅलर्जी होते. ती झालीच तर अ‍ॅड्रेनालिन हाताशी हवं. या भीतीनं प्रतिविष नाकारू नका.

पोरगं तालमीत जातंय. कुणीतरी ‘ताकदीचं इंजेक्शन’ दिलंय म्हणतोय. त्यानं व्यायामाला जोर येतो, झोप लागत नाही. हे काय असतंय ओ डॉक्टर?

बहुतेक वेळा ते मेफेंटरमाइन असतं. हे भूल देणाऱ्या डॉक्टरांचं औषध. सिझेरियनसाठी पाठीत भूल दिली की रक्तदाब उतरतो, तो सावरायला ते देतात. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ते विकता येत नाही. महाराष्ट्रात पोलिसांनी त्याची बेकायदा विक्री अनेकदा पकडली आहे, आणि हे इंजेक्शन जिमवाली पोरं, भरतीची तयारी करणारी पोरं आणि काही पैलवान यांच्यापर्यंत पोचलंय, ही आपल्या गावासाठी लाजेची आणि काळजीची गोष्ट आहे.

ते काम कसं करतं ते पोरांना समजावून सांगा, कारण नुसतं ‘वाईट आहे’ म्हटलं की कुणी ऐकत नाही. मेफेंटरमाइन स्वतः फारशी ताकद देत नाही. नसांच्या टोकांत जमा असलेलं नॉरअ‍ॅड्रेनालिन ते बाहेर ढकलतं, आणि थोडं मेंदूतही शिरून थकवा जाणवू देत नाही. थकवा लपतो, स्नायू वाढत नाही. साठा संपत आला की त्याच डोसनं परिणाम होईनासा होतो, म्हणून एका बाटलीचं दोन बाटल्यांवर जातं. मग ते घेतल्याशिवाय सपाट्या मारवत नाहीत, चिडचिड, संशय, भास सुरू होतात. रक्तदाब उसळतो, ठोका चुकतो, उन्हात कष्ट करताना अंग तापत जातं आणि शरीराची ‘थांब’ ही हाकच ऐकू येत नाही. दीर्घकाळ घेणाऱ्यांचं हृदय कमजोर होऊन फुगल्याचे रुग्ण वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेले आहेत. एकाच सुईनं चौघांनी घेतलं तर हिपॅटायटिस आणि एचआयव्ही वेगळेच.

गंगावेस, मोतीबाग, शाहूपुरी या तालमींची माती, पहाटेची मेहनत, थंडाई आणि खुराक यावर कोल्हापूरनं पैलवान घडवले. खासबागच्या मैदानात उतरणाऱ्या पोराला याची गरज नाही. शिवाय हे औषध आंतरराष्ट्रीय बंदी-यादीत आहे, स्पर्धेच्या वेळच्या चाचणीत ते सापडलं की वर्षांची बंदी येते.

पोरगं आधीच घेत असेल तर मारझोड करू नका, घरातून हाकलू नका. त्याला डॉक्टरांकडे आणा. ईसीजी, इको, रक्तदाब तपासू. अचानक बंद केल्यावर येणारी मरगळ आणि उदासी खरी असते आणि तिच्यावर मानसोपचारतज्ज्ञांची मदत होते. वस्तादांनाही विश्वासात घ्या. वस्तादांचा शब्द डॉक्टरपेक्षा लवकर लागतो, हे मी मान्य करतो.

मी नेमबाजी करते. स्पर्धेआधी हात थरथरतात म्हणून मैत्रिणीनं एक छोटी गोळी सुचवलीय. घेऊ का?

ती प्रोप्रॅनोलॉल असणार. ठोके मंद होतात, हात स्थिर राहतो, आणि नेमक्या याच कारणानं नेमबाजी आणि तिरंदाजीत सगळ्या बीटा-ब्लॉकर (बीटा रिसेप्टर अडवणाऱ्या) गोळ्यांवर बंदी आहे. फक्त स्पर्धेच्या दिवशी नव्हे, वर्षभर. तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला जगज्जेती झाली, राही सरनोबतनं २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकलं, कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कांस्य आणलं. या जिल्ह्यात रायफल हातात घेणाऱ्या प्रत्येक मुलीला हा नियम पाठ हवा. रक्तदाब किंवा मायग्रेनसाठी डॉक्टर अशी गोळी लिहीत असतील तर ‘मी नेमबाज आहे’ हे आधी सांग. दुसरे पर्याय असतात. धडधडीवर मोठा श्वास हळू सोडण्याचा सराव चांगला काम करतो, आणि प्रशिक्षक तो शिकवतात.

दम्याचा पंप घेतला की हात थरथरतो, छाती धडधडते. पंप बंद करू का?

नको. पंपातलं साल्बुटामॉल बीटा-२ चेतवतं, थोडं स्नायूंवर आणि हृदयावरही सांडतं. थरथर काही वेळात जाते. पण निळा पंप वारंवार लागत असेल तर दमा आटोक्यात नाही असा त्याचा अर्थ, आणि स्टेरॉइडचा रोजचा पंप हवा. गुऱ्हाळं सुरू झाली, धूर वाढला की असे रुग्ण वाढतात. खोकल्याच्या काही सिरपमध्येही टर्ब्युटालीन नावाचा पंपाचाच भाऊ असतो. पंप आणि सिरप दोन्ही घेतलं की थरथर दुप्पट होते.

बीपीची गोळी, मेटोप्रोलॉल किंवा अ‍ॅटेनोलॉल, संपली म्हणून चार दिवस घेतली नाही. चालतं का?

ही गोळी अशी एकदम सोडायची नसते. रोज अडवले गेल्यामुळे शरीरानं बीटा रिसेप्टर वाढवून ठेवलेले असतात. गोळी थांबली की त्या सगळ्यांवर अ‍ॅड्रेनालिन तुटून पडतं. ठोके वाढतात, छातीत दुखतं, हृदयविकार असेल तर झटकाही येऊ शकतो. बंद करायचीच तर डॉक्टर डोस हळूहळू उतरवतात. गावाला जाताना, जोतिबाच्या चैत्र यात्रेला जाताना, पट्टी खिशात ठेवा.

मला शुगर आहे आणि ही गोळीही आहे. काही जपायचं का?

हो. रक्तातली साखर साधारण ७० च्या खाली जाऊ लागली की अ‍ॅड्रेनालिन धावून येतं आणि धडधड, थरथर करून तुम्हाला जागं करतं. बीटा-ब्लॉकर ही धडधड आणि थरथर दाबून टाकतो. घाम मात्र दाबला जात नाही, कारण घामाच्या ग्रंथी अ‍ॅसिटिलकोलिनवर चालतात, हे वर आलंच आहे. तेव्हा इन्शुलिन किंवा साखर उतरवणारी गोळी घेणाऱ्यांनी एवढं पक्कं करावं: विनाकारण गार घाम आला की आधी मीटर लावायचं, मीटर नसेल तर साखर खायची.

काचबिंदूचे थेंब डोळ्यात घालतो. त्यांचा दम्याशी काय संबंध?

टिमोलॉल असेल तर फार मोठा. तो बीटा-ब्लॉकर आहे. थेंब नाकात उतरून रक्तात जातो आणि दमा उसळू शकतो, नाडीही मंदावू शकते. डोळ्यांच्या डॉक्टरांना दमा असल्याचं सांगा, ते दुसरे थेंब देतील.

नाक चोंदलं की थेंब टाकतो. आता थेंबाशिवाय झोपच लागत नाही.

झायलोमेटाझोलिन, ऑक्सिमेटाझोलिन हे थेंब अल्फा रिसेप्टर चेतवून नाकातल्या रक्तवाहिन्या आवळतात. पाच दिवसांपेक्षा जास्त वापरले तर थेंब उतरताच नाक पहिल्यापेक्षा जास्त चोंदतं. ते बंद करून, गरज पडली तर काही दिवस स्टेरॉइडचा नाकातला स्प्रे घेऊन, या चक्रातून बाहेर पडता येतं.

सर्दीच्या गोळ्यांत फिनाइलएफ्रिन किंवा स्यूडोएफेड्रिन असतं, तेही याच घराण्यातलं. रक्तदाब, हृदयविकार, प्रोस्टेट असणाऱ्यांनी मेडिकलमधून परस्पर घेऊ नयेत. क्षयरोगाच्या अवघड प्रकारासाठी लिनेझोलिड चालू असेल तर मुळीच नको. लिनेझोलिड ही द्रव्यं मोडणारं एक एन्झाइम अडवतं आणि रक्तदाब भडकतो. चार वर्षांखालच्या बाळांना क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलएफ्रिन एकत्र असलेलं औषध देऊ नये, अशी सूचना वेष्टनावर छापायला केंद्रीय औषध नियंत्रकांनी २०२३ च्या डिसेंबरमध्ये सांगितलं आहे. घरातली जुनी बाटली तपासा.

दात काढताना भुलीचं इंजेक्शन दिलं आणि छाती धडधडली. डॉक्टर म्हणाले, त्यात अ‍ॅड्रेनालिन आहे. धोकादायक का?

सहसा नाही. रक्त कमी यावं आणि बधिरपणा टिकावा म्हणून ते ८० हजारांत एक भाग इतकं मिसळतात. दोन मिलिलिटरमध्ये २५ मायक्रोग्रॅम, म्हणजे अ‍ॅनाफिलेक्सिसला देतात त्याचा विसावा हिस्सा. हृदयविकार किंवा बीटा-ब्लॉकर गोळी चालू असेल तर खुर्चीत बसण्याआधी सांगा.

बीपी मधूनच २०० च्या वर जातंय, डोकं फुटतंय, घाम येतोय, मग आपोआप उतरतंय. सगळे टेन्शन म्हणतात.

टेन्शन किंवा पॅनिक असण्याची शक्यता जास्त, हे खरं. पण डोकेदुखी, घाम आणि धडधड हे तिन्ही झटक्यानं एकत्र येत असतील तर फिओक्रोमोसायटोमा नावाची, अधिवृक्क ग्रंथीत होणारी आणि अ‍ॅड्रेनालिनसारखी द्रव्यं सोडणारी गाठ नाही ना, हे एकदा तपासावं. ती फार दुर्मीळ आहे. रक्तातल्या किंवा २४ तासांच्या लघवीतल्या मेटानेफ्रिनच्या तपासणीत ती सापडते आणि शस्त्रक्रियेनं बहुतेक वेळा पूर्ण बरी होते. शस्त्रक्रियेआधी अल्फा अडवणारं औषध पहिल्यांदा, बीटा-ब्लॉकर नंतर, हा क्रम मोडायचा नाही. आधी बीटा अडवला तर रक्तवाहिन्या सैल करणारी बाजू बंद होते आणि रक्तदाब आणखी चढतो.

‘अ‍ॅड्रिनल फटीग’साठी ऑनलाइन पावडर मिळते. घ्यावी का?

अधिवृक्क ग्रंथी थकून जाते असा आजार वैद्यकशास्त्रात मान्य नाही. सततचा थकवा असेल तर हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर, बी-१२ आणि झोप तपासा.

आमच्या मुलीला मधमाशीची जोरदार अ‍ॅलर्जी आहे आणि आम्ही शाहूवाडीकडे वाडीवर राहतो. घरात अ‍ॅड्रेनालिन ठेवू का?

डॉक्टरांशी बोलून जरूर ठेवा. परदेशात पेनासारखी तयार इंजेक्शनं मिळतात, ती आपल्याकडे सहज मिळत नाहीत आणि महाग पडतात. पण एक मिलिग्रॅमची साधी अँप्यूल स्वस्त असते. मुलीच्या वजनाप्रमाणे किती भरायचं हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या, योग्य मापाची सिरिंज घ्या, आणि भरून टोचायचा सराव नर्सताईंसमोर आई-बाबा दोघांनीही करा. शाळेतल्या बाईंना आणि शेजारच्या काकूंनाही दाखवून ठेवा. डब्यावर मुलीचं नाव, डोस आणि मुदतीची तारीख मोठ्या अक्षरात लिहा. अँप्यूल उन्हापासून आणि चुलीच्या धगीपासून लांब, मूळ खोक्यातच ठेवा, कारण उजेडानं औषध खराब होतं. द्रव गुलाबी किंवा तपकिरी दिसला की मुदत शिल्लक असली तरी बदला. आणि इंजेक्शन दिल्यावर बरं वाटलं तरी मुलीला दवाखान्यात न्यायचंच.